कुणालाही न दाखवायची उत्तरं

त्या गुरुवारी सकाळी पावणेसातला मी मैदानामागच्या आमच्या खोलीत लॅपटॉप उघडला, तेव्हा चौथ्या ओळीत सात हा आकडा होता. आदल्या दिवशी तिथे पाच होता.

शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे पाऊल टेकवत नाही. पुढच्या रकान्यात जागा लिहिलेली: उजव्या मांडीची मागची बाजू. फाइलमध्ये नावं नव्हती, नुसते क्रमांक होते. पण क्रमांक मीच दिलेले. चार म्हणजे आमचे कर्णधार. आणि रविवारी संध्याकाळी उपांत्य सामना होता.

मी दुसरी फाइल उघडली. ती क्लबची. रोज सकाळी प्रत्येक खेळाडू फोनवर एक प्रश्नावली भरायचा. झोप कशी झाली, थकवा किती, कुठे दुखतंय का. ती आठ वाजायच्या आत प्रशिक्षकांच्या हातात जायची. तिथे कर्णधारांनी लिहिलं होतं: दुखणं शून्य, झोप उत्तम.

दोन्ही उत्तरं त्यांचीच. मध्ये फार तर दहा मिनिटांचं अंतर.

हे अंतर हाच माझ्या पीएचडीचा विषय होता. फुटबॉलपटू क्लबला काय सांगतो, आणि कुणालाही कळणार नसेल तेव्हा काय सांगतो. आणि या दोन्हींतली तफावत वाढली की पुढे इजा होते का. नोकरीने मी क्लबची क्रीडाशास्त्रज्ञ. खेळाडूंच्या काळ्या बनियनीत पाठीवरचं छोटं यंत्र बसवायचं, कोण किती पळाला, किती वेगाने पळाला ते मोजायचं, स्नायूंची ताकद तपासायची. तेच खेळाडू माझ्या संशोधनातलेही. मारतहळ्ळीच्या माझ्या खोलीवरून पहाटे स्कूटरवर निघायचं, गर्दी व्हायच्या आत के. आर. पुरमचा पूल ओलांडायचा, दुपारपर्यंत मैदान आणि त्यानंतर विद्यापीठ. मी कोल्हापूरची. फुटबॉलसाठी अख्खं गाव मैदानाभोवती जमताना बघत वाढले, त्यामुळे ही नोकरी मिळाल्यावर घरी पेढे वाटले होते. दोन्ही कामं एकाच जागी होतायत म्हणून मला माझं नशीब थोर वाटायचं.

संशोधनाची परवानगी देताना प्रशिक्षकांनी एकच अट घातली होती, क्लबचं काम मागे पडता कामा नये. आणि खेळाडूंना मी एकच वचन दिलं होतं. ‘माझ्या संशोधनासाठीची उत्तरं फक्त मी बघेन. प्रशिक्षक नाही, डॉक्टर नाही, मालक तर नाहीच.’ तसं संमतीपत्रावर छापलेलंही होतं. तरी पहिल्या दिवशी कुणी पेन उचललं नाही. सगळे एकमेकांकडे बघत बसले. मग कर्णधार उठले आणि त्यांनी सही केली. मागोमाग बाकीच्यांनी केल्या.

ते बेळगावचे. तेहतीस वर्षांचे. अख्खा संघ त्यांना अण्णा म्हणायचा, मीही म्हणायचे. घरात मराठी, शाळेत कन्नड, ड्रेसिंग रूममध्ये हिंदी. माझ्याशी बोलताना मात्र बेळगावी मराठी, तीही मुद्दाम जरा मोठ्याने, बाकीच्यांना काही कळत नाही याची गंमत म्हणून.

त्या गुरुवारी सरावात मी त्यांच्यावरून नजर हटवली नाही. ते पळत होते. वेगाचे आकडे ठीक होते. पण चेंडू उजवीकडे आला की पहिलं पाऊल ते डाव्या पायाने टाकत होते. हे माझं यंत्र दाखवत नव्हतं. आणि दुखण्याची जागा माहीत नसती तर मलाही दिसलं नसतं.

दुपारी मी मार्गदर्शक मॅडमकडे गेले. त्या शरीरक्रियाशास्त्राच्या प्राध्यापक, बोलायला मोजक्या. मी नाव घेतलं नाही. म्हटलं, “एका खेळाडूचा आकडा सात आहे. क्लबला तो शून्य सांगतोय. तीन दिवसांनी सामना आहे.”

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “तू वचन दिलंयस.”

“हो.”

“मग तू प्रशिक्षकांना सांगू शकत नाहीस. त्याच्याशी बोल. त्याला समजाव. त्यानेच सांगितलं तर प्रश्न मिटला.”

“आणि नाही सांगितलं तर?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, “नीतिसमितीच्या अर्जात ही शक्यता आपण धरायला हवी होती. माझंही चुकलं.”

मला त्यांच्याकडून चुकीची कबुली नको होती, वाट हवी होती. जिना उतरताना मला माझीच एक मेल आठवली. महिन्याभरापूर्वी मीच त्यांना लिहिलं होतं, ‘या हंगामात घटना फार कमी आहेत, निष्कर्ष काढता येईल की नाही शंका वाटते.’ घटना म्हणजे इजा. आमच्या भाषेत तसंच लिहितात. खेळाडू धडधाकट राहिले की माझा प्रबंध अडकत होता. इतके दिवस या वाक्यात मला काही वावगं वाटलं नव्हतं.

शुक्रवारी मांडीच्या ताकदीची चाचणी होती. खेळाडूने पालथं झोपायचं, टाच यंत्रावर ठेवायची आणि जीव खाऊन दाबायची. दुखऱ्या पायाची ताकद कमी भरते, म्हणून ही चाचणी. अण्णा सगळ्यांत शेवटी आले. मी मनातल्या मनात म्हणत होते, आकडा पडू दे. क्लबच्या यंत्रावर पडू दे, म्हणजे मला तो दाखवता येईल.

डावा पाय झाला. मग उजवा. त्यांनी दाबलं तेव्हा पलंगाची कड धरलेल्या बोटांची नखं पांढरी पडली, कानशिलावरची शीर फुगली. तोंडातून आवाज मात्र नाही. यंत्रावर आकडा आला, डाव्याच्या बरोबरीचा.

फिजिओ बर्फ आणायला बाहेर गेला होता. खोलीत आम्ही दोघंच होतो.

“अण्णा, दुखतंय ना?”

“काय नाही गं. सरी हाय सगळं, बरोबर हाय.”

“तुम्ही काल सात लिहिलंय.”

ते उठून बसले. दाराकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, “ते तू बोलायचं नाहीस. कागदावर काय लिवलं होतंस तू?”

“मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हालाच म्हणतेय. डॉक्टरांना दाखवा. एक सामना बाहेर बसा.”

“एक सामना?” ते हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. “मी तेहतीसचा हाय. जूनमध्ये करार संपतोय. या सामन्यात बाकावर बसलो तर जूननंतर मला फोन करणार कोण? तू करणार?”

मी म्हटलं, “मग खरं लिहिलंत कशाला? तिथेही शून्य लिहायचं.”

ते पायमोजा चढवत होते. हात थांबला. “कुठंतरी खरं लिवावं वाटलं. बघ की, दिवसभर सगळ्यांना बरा हाय, बरा हाय म्हणत फिरायचं. सकाळी दोन मिनिटं तेवढं एक ठिकाण व्हतं.” फिजिओची पावलं वाजली तसा त्यांनी बूट हातात घेतला. “रविवार होऊ दे. सोमवारी मीच सांगतो. स्वल्प धीर धर.”

मी धीर धरला. आता लिहिताना हे वाक्य जितकं सोपं वाटतं तितकं ते नव्हतं. त्या संध्याकाळी मी दोनदा संघाच्या डॉक्टरांचा नंबर काढला आणि दोनदा फोन खाली ठेवला. एकाचं गुपित मी फोडलं तर दुसऱ्या दिवशी बावीसच्या बावीस जण शून्य लिहायला लागतील, असं मी स्वतःला सांगत होते. ते खरंच होतं. पण मी वचनाला जपतेय की प्रबंधाला, हे मी स्वतःला विचारलं नाही.

शनिवारी सकाळी बैठक. प्रशिक्षक, डॉक्टर, फिजिओ आणि मी. प्रशिक्षक परदेशी. तापट नव्हते, पण त्यांना लांबण लावलेलं खपायचं नाही. प्रत्येक खेळाडूच्या नावापुढे मी रंग द्यायचा: हिरवा म्हणजे खेळू शकतो, पिवळा म्हणजे जपून, लाल म्हणजे नाही. मी अण्णांना पिवळा दिला.

प्रशिक्षकांनी कागदावर बोट ठेवलं. “हे का?”

“गेले तीन सामने पूर्ण खेळलेत. वय बघता साठ मिनिटांच्या पुढे धोका वाटतो.”

“कालची चाचणी?”

“चांगली आली.”

“सकाळची उत्तरं?”

“चांगली आहेत.”

“पळण्याचे आकडे?”

“ठीक आहेत.”

त्यांनी कागद खाली ठेवला आणि सरळ माझ्याकडे बघितलं. “तो तुला काही म्हणाला का?”

डॉक्टरही माझ्याकडे बघत होते. मला म्हणता आलं असतं, ‘ते तुम्ही त्यांनाच विचारा.’ म्हणता आलं असतं, ‘याचं उत्तर मी देऊ शकत नाही.’ या दोन्ही वाक्यांचा अर्थ त्यांना बरोबर कळला असता, म्हणूनच ती माझ्या तोंडून निघाली नाहीत.

“नाही,” मी म्हटलं. “काही म्हणाले नाहीत.”

प्रशिक्षकांनी पेन उचललं, पिवळ्यावर काट मारली आणि बाजूला हिरवा लिहिला. बैठक पुढच्या नावाकडे गेली.

रविवारी स्टेडियम भरलेलं होतं. मी बाकाच्या मागे टॅबलेट घेऊन बसले होते. मैदानावरच्या प्रत्येकाच्या वेगाची रेघ माझ्यासमोर हलत होती. मी एकच रेघ बघत होते. पहिला अर्धा भाग अण्णा सुंदर खेळले. आमचा गोलही त्यांच्याच पासवर झाला. मध्यंतरात ते माझ्या शेजारून गेले आणि न थांबता नुसतं “हाय बरा” म्हणाले. मला इतकं हलकं वाटलं की मी फिजिओची पाण्याची बाटली रिकामी केली.

दुसरा भाग सुरू होऊन वीसेक मिनिटं झाली असतील. चेंडू आमच्या उजव्या बाजूला निसटला, समोरचा खेळाडू एकटाच त्याच्या मागे सुटला, आणि अण्णा त्याच्या मागे. टॅबलेटवरची रेघ वर चढत गेली. त्या दिवसातला त्यांचा सर्वांत जास्त वेग. मी मान वर केली तेव्हा ते चेंडू बाहेर टोलवून पुढे दोन पावलं गेले होते. तिसऱ्या पावलाला त्यांचा हात मांडीच्या मागे गेला, आणि मागून कुणी दगड मारावा तसे ते आडवे झाले.

फिजिओ आणि डॉक्टर धावले. मी उभी राहिले. इथे जे सांगायचं आहे ते मी बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. ते पडले त्या क्षणी, त्यांची काळजी वाटायच्याही आधी, माझ्या डोक्यात एक विचार येऊन गेला: मिळाली. मोठी घटना, आधीच्या पाचही दिवसांच्या उत्तरांसकट. निमिषभरच. लगेच मी टॅबलेट बाकावर पालथा ठेवला. पण तो आधी आला होता.

सामना आम्ही एक शून्यने जिंकलो. शिट्टी वाजल्यावर सगळे मैदानात नाचत होते. अण्णा ड्रेसिंग रूममध्ये मांडीला बर्फ बांधून भिंतीकडे तोंड करून पडले होते. मी दारात उभी राहिले. त्यांनी वळून बघितलं नाही, मी आत गेले नाही.

सोमवारी सकाळी जयनगरच्या एका रुग्णालयात एमआरआय झाला. स्नायू हाडाजवळ फाटला होता. शस्त्रक्रिया लागणार होती. मी बाहेर बाकावर बसले होते तेव्हा त्यांची बायको आली. बेळगावहून पहाटेच्या गाडीने आलेली, हातात अजून प्रवासाची पिशवी. आम्ही दोन-तीनदा भेटलो होतो. मी त्यांना वहिनी म्हणायचे. त्या माझ्या शेजारी बसल्या.

“आत्ता फोनवर म्हणाले मला, की बुधवारपासून दुखत होतं.” त्यांनी पिशवी पायाशी ठेवली. “तुला माहीत होतं?”

“हो.”

मला वाटलं त्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. कितीतरी वेळ समोरच्या भिंतीवरची कन्नड पाटी वाचल्यासारखं करत राहिल्या.

“मी रोज दोनदा फोन करत होते,” त्या म्हणाल्या. “रोज विचारत होते, पाय कसा हाय. मला बरा म्हणाले. तुझ्या कागदाला खरं सांगितलं.”

“वहिनी, मी वचन दिलं होतं, कुणाला सांगणार नाही म्हणून.”

“दिलं असशील की. मी नाही म्हणत नाही.” मग त्या माझ्याकडे वळल्या. “पण कागद ठेवून घेतलास, माणूस सोडून दिलास.”

एवढं बोलून त्या आत गेल्या. 

मंगळवारी मी प्रशिक्षकांना जाऊन सगळं सांगितलं. आकडा, शुक्रवारचं बोलणं, शनिवारचं खोटं. त्याआधी अण्णांना विचारलं होतं. “सांग आता,” ते म्हणाले होते, “आता काय राहिलंय.” प्रशिक्षकांनी मध्ये न तोडता ऐकून घेतलं. शेवटी म्हणाले, “तू सांगितलं असतंस तरी कदाचित मी त्याला खेळवलं असतं. उपांत्य सामना होता. पण ते मी ठरवलं असतं. तू मला ठरवूच दिलं नाहीस.” नोकरी गेली नाही. उरलेला हंगाम मला शनिवारच्या बैठकीला बोलावलं नाही. अंतिम सामना संघ हरला.

विद्यापीठाच्या नीतिसमितीला मी पत्र लिहिलं. मॅडमनी त्यावर माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. काम तीन महिने थांबलं. मग नवं संमतीपत्र तयार झालं: आकडा ठरावीक मर्यादेच्या वर गेला तर क्लबबाहेरच्या एका डॉक्टरला कळेल, तो खेळाडूशी बोलेल, आणि खेळणं धोक्याचं वाटलं तर क्लबला तेवढंच सांगेल. मी पुन्हा ड्रेसिंग रूममध्ये उभी राहून सगळ्यांना समजावलं. निम्म्यांनी सही केली नाही. ज्यांनी केली त्यांचे आकडे रातोरात खाली आले. मर्यादेच्या एक अंक खाली, अगदी तिथेच, ओळीने. मी ते पडद्यावर बघितलं. खेळाडू आता मलाही क्लबसारखंच उत्तर देत होते.

प्रबंध अखेर यावरच झाला. दुखणं आधी कळतं का, यापेक्षा सांगणारा कुणाला घाबरतो, यावर. एक अख्खं प्रकरण माझ्या चुकीवर गेलं. अण्णांची उत्तरं वापरू का, असं मी त्यांना विचारलं तेव्हा ते शस्त्रक्रियेनंतर कुबड्यांवरून उतरून नुकतेच चालायला लागले होते. “लाव की,” ते म्हणाले. “पण नीट लिव. मला बिचारा करू नको. मी माझ्या पायानं गेलो मैदानात.” जूनमध्ये क्लबने करार वाढवला नाही. दुसऱ्या कुठल्या क्लबचा फोन आला नाही. ते बेळगावला परत गेले. आता एका महाविद्यालयाच्या संघाला शिकवतात. मी लिहिलेलं प्रकरण त्यांना पाठवलं होतं. त्यांनी फोनवर नुसता अंगठा पाठवला. वाचलं बहुधा वहिनींनी, कारण चार दिवसांनी त्यांचा फोन आला.

“बाराव्या पानावर लिवलंयस, ‘कुटुंबीयांना कल्पना नव्हती.’”

“काढून टाकू का?”

“नको,” त्या म्हणाल्या. “असू दे. खरं हाय ते.”

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर होते. त्यांनी तक्त्यांवर फारसं विचारलं नाही. ते प्रकरण उघडलं आणि म्हणाले, “तीच बैठक, तोच प्रश्न, पुन्हा तुमच्यासमोर आला तर?”

मी तयारी करून गेले होते. म्हटलं, “मी खोटं बोलणार नाही. उत्तर देऊ शकत नाही, एवढं सांगेन. त्यातून त्यांनी काय समजायचं ते समजावं.”

“म्हणजे वचन मोडल्यासारखंच झालं.”

“हो. मोडेल.”

त्यांनी मान हलवली आणि काहीतरी लिहून घेतलं. अर्ध्या तासाने मला आत बोलावून अभिनंदन केलं.

मॅडम मला विद्यापीठासमोरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, घेऊन गेल्या. आम्ही उभ्या उभ्या बाय टू कॉफी घेतली, एका कॉफीचे दोन अर्धे पेले. त्या पहिल्यांदाच माझ्याशी जरा सैल होऊन बोलत होत्या. घरी कळवलंस का, पुढे काय करणार, वगैरे. मी म्हटलं, क्लबमध्येच राहीन, पण तिथल्या खेळाडूंवर पुन्हा संशोधन करणार नाही. त्या हं म्हणाल्या. मग पेला खाली ठेवत त्यांनी विचारलं, “ते उत्तर चांगलं दिलंस. पण खरंच तसं करशील?”

काउंटरवरचा माणूस आमचे पेले उचलायला थांबला होता.

“माहीत नाही, मॅडम,” मी म्हटलं.

त्यांनी आणखी एक बाय टू सांगितली.